पंज्याचे दोन पाइप

लिव्हर मध्ये

"आणि हे पाइप उलटे लागले तर?" आईने विचारलं.

फिटर छोट्या ट्रॅक्टरच्या सीटखाली आडवी झाली होती. तिने तिथूनच उत्तर दिलं. "तर मिटायच्या वेळी पंजा उघडेल आणि उघडायच्या वेळी मिटेल. म्हणून तर एका पाइपवर आणि पंज्यावरच्या त्याच्या तोंडावर लाल पट्टी मारलीय. लाल लालला, बिनपट्टीचा बिनपट्टीला."

"एवढंच?"

"एवढंच. तुला चालवायचाय, बनवायचा नाही. कशाला एवढ्या चौकशा?"

"तुला जन्म दिला तोही चौकशा करूनच दिला," आई म्हणाली.

मामा कुंड्यांना पाणी घालता घालता हसला. बहिणीच्या रोपवाटिकेत तो पडेल ते काम करायचा आणि मायलेकींच्या भांडणात कधीच पडायचा नाही.

ट्रॅक्टरच्या पुढे आतापर्यंत नुसती बादली होती. ती उचलायची आणि कलंडायची, बस. कुंड्या पकडणारा पंजा तेलाच्या दाबावर मिटतो-उघडतो; त्यासाठी तेलाला आणखी एक वाट करून द्यावी लागणार होती. फिटरने सीटखाली नवा व्हॉल्व्ह बसवला, त्याचं लिव्हर उजव्या हाताशी आणलं, दोन नवे पाइप पुढे नेले आणि पंज्याला खटक्याच्या, हातानेच निघणाऱ्या सांध्यांनी जोडले. लिव्हर पुढे ढकललं की पंजा उघडणार, मागे ओढलं की मिटणार, मध्ये ठेवलं की आहे तसा राहणार.

तिने एक लाकडी खोका पकडून दाखवला. खोका चेपला नाही, निसटलाही नाही. काम चोख होतं आणि तिला ते ठाऊक होतं.

फक्त आईने पैज लावली नसती तर बरं झालं असतं.

गेल्या हंगामात उतारावर ट्रॅक्टर कलंडला. आईने उडी मारली म्हणून मनगटावर निभावलं. तेव्हापासून लेकीचं एकच पालुपद होतं. पुरे झालं, माझ्याकडे राहायला चल. शेवटी आईने जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "पंजा बसवून दे. ती उंच झाडाची कुंडी मी एकटी फाटकापाशी नेऊन ठेवीन. कुंडीला चीर गेली तर किल्ल्या तुझ्या आणि मी तुझ्या घरी. नाही गेली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"तुझ्या त्या मागच्या खोलीत ऊन येतं का गं?" आईने मध्येच विचारलं.

"सकाळचं येतं. का?"

"सहज. हरलेच तर रोपं कुठे ठेवायची?"

"हरणार आहेस?"

"मी? आरशात तोंड बघ आधी."

लिव्हर पुढे

सकाळी माणसं कामावर यायच्या आत फिटर आली. आई आत चहा करत होती. भांड्यांचा आवाज येत होता.

फिटर सीटखाली शिरली. लिव्हर दोन्हीकडे हलवून तिने पाइपांतला दाब उतरवला. मग व्हॉल्व्हच्या तोंडाशी दोन पाने लावले, पाइप सोडवले आणि याच्या जागी तो, त्याच्या जागी हा असे पुन्हा आवळले.

आजवर तिने एकही काम मुद्दाम वाकडं केलं नव्हतं. पण तिला तो उतार दिसत होता. कलंडलेला ट्रॅक्टर, हवेत फिरणारं चाक. उलट्या लिव्हरने आई गोंधळेल, कुंडी जमिनीलगतच निसटेल, एक चीर जाईल, आई चार शिव्या घालेल आणि जिवंत राहील.

इंजिन लावून पाहायची सोय नव्हती. आवाज ऐकून आई आली असती. सीटखाली कुणी वाकून बघणार नव्हतं, पुढचे सांधे मात्र सगळ्यांच्या नजरेसमोर होते. फिटरने पुढे जाऊन तेवढे पाहिले. लाल लालला. ठीक.

"चहा घेतेस का, ठमे?" आतून हाक आली.

"घेते की."

लिव्हर मागे

माळी जमले. झाडं घ्यायला आलेलं एक जोडपंही थांबलं. मामा पाण्याचा पाइप तसाच हातात धरून उभा होता.

आई सीटवर चढली. पाठ ताठ, नजर पुढे. तिने ट्रॅक्टर हळू पुढे घेतला आणि उघडा पंजा कुंडीच्या दोन्ही बाजूंना नेमका आणला. मग शिकवल्याप्रमाणे लिव्हर मागे ओढलं.

पंजा मिटला.

दोन्ही हातांत कप धरावा इतक्या अलगद त्याने कुंडी धरली.

आईचा हात लिव्हरवर क्षणभर थांबला. फिटरची मान तापली. आपण पाइप फिरवले होते ना? की सोडवून पुन्हा होते तसेच लावले?

कुंडी जमिनीपासून जेमतेम उचलली गेली, फाटकापर्यंत झुलत गेली आणि टेकली. लिव्हर पुढे. पंजा उघडला. मामाने वाकून कुंडीभोवती एक फेरी मारली.

"चीर सोड, ओरखडाही नाही," तो म्हणाला.

माळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई खाली उतरली.

"जिंकलीस," फिटर म्हणाली.

"पंजा झकास बसवलास."

"आता विषय बंद."

"बंद," आई म्हणाली.

फिटरने पान्यांची पिशवी उचलली. आपले हात आपल्यापेक्षा प्रामाणिक निघाले, असं काहीसं मनाशी घोळवत ती फाटकाबाहेर पडली.

आई शेडच्या मागच्या बाकावर बसून मनगट चोळू लागली. मामा शेजारी येऊन टेकला.

"ताई, जिंकलीस आणि तोंड असं?"

"मनगट ठणकतंय रे. लिव्हर ओढलं तरी कळ डोक्यात जाते. मला जायचं होतं तिच्याकडे."

"मग सांगायचं तिला."

"मी? तिला? जीभ वळत नाही."

"मग द्यायची सोडून कुंडी."

"एवढ्या माणसांपुढे? हाताला चुकायची सवयच नाही. म्हणून तर काल ती गेल्यावर पुढचे दोन्ही पाइप उलटे लावून ठेवले, लाल पट्टीसुद्धा काढून दुसऱ्या पाइपवर चिकटवली. तरी मेला पंजा सरळच चालला."