बाराच्या आत

"सर, बारा एएम म्हणजे दुपार की रात्र?"

दम असेल तर भरवर्गात विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी उठून बिनधास्त विचारलं. उत्तर मला माहीतच होतं, दुपार! सर हसले. "रात्र गं! इंग्रजीत पहिली येतेस आणि एवढंही माहीत नाही?" सगळा वर्ग खो खो हसला. मला आजोबा आठवले.

गेल्या महिन्यात आजोबांचं ऑपरेशन होतं, दुपारी एकला. बारा एएमनंतर काही खायचं नाही, ही नर्सची इंग्रजी चिठ्ठी मीच घरच्यांना ऐटीत वाचून दाखवली होती. "आजोबा, बाराच्या आत पोटभर खाऊन घ्या," म्हणत पावणेबाराला मीच त्यांना दूध-ब्रेड भरवला. "नात माझी हुशार!" म्हणत त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. भूल दिल्यावर त्यांना उलटी झाली, ती फुप्फुसात गेली आणि ते परत उठलेच नाहीत.

चिठ्ठी धावपळीत हरवली. नर्सनंच दुपारचे बारा लिहिले होते, असं आम्ही ठासून सांगितलं आणि तिला कामावरून घरी बसवलं गेलं. उद्या शेवटची चौकशी आहे आणि साक्षीदार मी.

संध्याकाळी आई माझ्या ड्रेसला इस्त्री करत होती. बाबा म्हणाले, "घाबरायचं नाही हं, बाळा. ठरलंय तेच सांगायचं."



"नाही, बाबा. उद्या मी नर्सताईंच्या बाजूनं बोलणार आहे."