सून पारखायची बाग

"आत शिरलीस की कुणाला वाट विचारायची नाही," ओनोरीनने बजावलं. होणाऱ्या सुनेला भुलभुलैयाच्या तोंडाशी सोडून ती शातोच्या, म्हणजे त्या जुन्या हवेलीच्या, गच्चीवर चढली आणि आपल्या ठरलेल्या बाकावर बसली. धाकटा मुलगा फाब्रिस मागोमाग आला.

खाली सगळी बाग पसरली होती. फुलांच्या वाफ्यांची नक्षी, कारंजी, आणि कडेला माणसाहून उंच झुडपांच्या भिंती. सून अशी पारखायची ही रीत ओनोरीननेच पाडली होती. थोरली सून आत रडत बसली; पुढे संसारातही रडलीच. मधलीने झुडपं फाकवून चोरवाट काढली. तिच्या हाती घरच्या शेळ्यांच्या चीजच्या दुकानाच्या किल्ल्या अजून पडल्या नव्हत्या. आता ही माएल. समुद्रावरची, कोळ्याची लेक. शेळीला पुढून धरायचं की मागून, तेही ठाऊक नाही. ओनोरीन स्वतः कधी आत गेली नव्हती. गरजच काय? इथून सगळ्या वाटा दिसत.

"आई, लग्न मला करायचंय," फाब्रिस पुटपुटला.

"करायचंय तुला, निस्तरायचं मला. गप बस. मध्ये पडू नकोस."

माएल पहिल्या वळणावर थांबली. पान चुरगाळून वास घेतला. चुकली, परतली, तीच चूक पुन्हा केली नाही. ओनोरीन पुढे वाकली. ना घाई, ना रड. ही पोर काय करणार तरी काय? माएल मधल्या दगडी मांडवापाशी पोचली आणि आत शिरून दिसेनाशी झाली.

ओनोरीनने पाव आणि चीज काढलं, वर घोटभर वाईन घेतली. ऊन मऊ होतं. तिचा डोळा लागला असं कुणी म्हणू नये. तिने डोळे नुसते मिटले होते.

उघडले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. वाटा रिकाम्या.

"अजून मांडवातच आहे ही?"

फाब्रिसने खांदे उडवले.

"माएल!"

उत्तर नाही. खाली रखवालदार घंटा वाजवत लोकांना बाहेर काढू लागला.

"जा, बघ तिला."

"तूच म्हणालीस, मध्ये पडू नकोस."

"मेल्या, चक्कर येऊन पडली असेल तर?"

तो हलला नाही. ओनोरीनने काठी उचलली आणि तरातरा खाली उतरली.

आत शिरली मात्र, वरून पाठ झालेल्या वाटा कुठल्या कुठे गेल्या. जिकडे बघावं तिकडे हिरवी भिंत. ती वळली, अडली, परत फिरली. आधी हाकेत राग होता. मग राहिला नाही.

"माएल! पोरी, ओ दे गं! तुला नापास नाही करत!"

"उजवीकडे वळा, सासूबाई!"

आवाज वरून आला. ओनोरीनने मान वर केली. तिच्याच बाकावर माएल बसली होती, तिचंच उरलेलं चीज खात. शेजारी फाब्रिस ओठ दाबून हसू आवरत होता.

"तू कधी बाहेर पडलीस?"

"तुम्ही घोरत होतात तेव्हा. इथेच गच्चीवर, संत्र्यांच्या कुंड्यांमागे बसले होते."

"मग ओ का दिली नाहीस?"

"मलाही घर पारखायचं होतं," माएल म्हणाली. "हरवलेल्या सुनेला शोधायला कोण येतं, ते बघत होते."