प्रवेश विनामूल्य

“आत बसणाऱ्याला भीती वाटत नसेल का हो, बाई?” म्हाताऱ्याने अवकाशयानाच्या खिडकीला नाक लावून विचारलं.

“वाटत असेल. सांगत नसेल कुणाला,” गाइडबाई म्हणाली.

दर गुरुवारी तो हेच विचारी आणि ती हेच उत्तर देई. शहर लहान, त्यातलं अवकाश संग्रहालय त्याहून लहान. करपलेल्या बुडाचं एक यान, अंतराळवीराचा एक पोशाख आणि छताला टांगलेले ग्रह. गुरुवारी वृद्धाश्रमाची गाडी यायची. म्हातारा उतरायचा, दारातल्या देणगीपेटीला हात टेकून क्षणभर थांबायचा आणि मग, दार चांगलं उंच असूनही, कमरेत वाकून आत शिरायचा. पाठ अगदीच गेली, असं तिच्या मनात यायचं.

ती त्याची मुलगी होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, एक दिवस ते तुम्हाला ओळखणार नाहीत, तेव्हा वाद घालू नका. तो दिवस इथेच उगवला. नोकरीचा निळा कोट घालून ती दारात उभी होती. “बाई, आत येऊ का?” त्याने विचारलं, अगदी परक्यासारखं. “या, आजोबा,” ती म्हणाली. तो जरासा थबकला, मग हसला.

त्यानंतर ‘बाबा’ हा शब्द तिने त्याच्यासमोर काढला नाही. आश्रमात भेटायला गेलं की तो भिंतीकडे बघत बसे. इथे मात्र गाइडशी पोटभर बोले. मुलगी म्हणून जे मिळत नव्हतं ते गाइड म्हणून मिळतंय, तर मिळू दे, म्हणून तिने तेवढ्यावर भागवलं. मला खरंच विसरलात का, एवढं एकदा विचारायचं तिच्या ओठांवर येई. पण ‘हो’ म्हणाले तर?

त्या गुरुवारी त्याच्या शर्टाला पुन्हा सेफ्टी पिन लावलेली होती. सोबत आलेल्या मावशींवर ती जरा चिडलीच. आश्रमात सुईदोरा मिळत नाही का, म्हणाली.

“दर आठवड्याला दुहेरी दोऱ्याने लावून देते हो ताई,” मावशींनी हात जोडले. “टिकतच नाही यांच्या अंगावर काही. लहान मूल परवडलं.”

म्हातारा तोवर शनीच्या कड्यांखाली जाऊन उभा राहिला होता.

“माझ्या मुलीचंही होतं असं एक संग्रहालय,” तो म्हणाला. “जेवणाच्या टेबलाखाली. पातेल्यांची झाकणं टांगून. बटणाचं तिकीट घेतल्याशिवाय बापालासुद्धा आत सोडायची नाही.”

“खमकी होती म्हणायची.”

“अजून आहे.”

ती काच पुसायला वळली. काच स्वच्छच होती. टेबलाखालची ती मुलगी त्याला लख्ख आठवत होती, फक्त समोर उभी असलेली तेवढी नाही.

“पुढच्या गुरुवारी उघडं आहे ना, बाई?” निघताना त्याने विचारलं.

“आहे की, आजोबा.”

रविवारी सकाळी आश्रमातून फोन आला. झोपेतच गेले होते.

ती कामावर परतली त्या दिवशी पहारेकरी देणगीपेटी उघडून बसला होता. तिचा उतरलेला चेहरा पाहून, हसवावं म्हणून, त्याने तिला हाक मारली.

“बाई, लोकांची दानत बघा. प्रवेश फुकट आहे, तरी कुणीतरी अंगावरचा शर्ट उसवून भरतंय.”

त्याने तिच्या ओंजळीत मूठ रिकामी केली. पांढरी बटणं. बऱ्याचशांना मावशींचा दुहेरी दोरा अजून चिकटलेला होता.

तिने त्या उंच, रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि ती मोठ्याने म्हणाली,

“या, बाबा.”