तापलेला नग

खेळयंत्राची पाठ चटका देऊ लागली, तसं भिंगवाल्याने ते दुमडलेल्या टॉवेलवर पालथं ठेवलं. चार्जिंगला लावून थोडा वेळ गेम खेळला की दर वेळी हेच. आज तर मधोमध प्लास्टिक किंचित फुगलंही होतं.

"बघ हात लावून," तो ताईला म्हणाला.

ताईने हात लावला नाही. "दिसतंय," ती म्हणाली. "व्हिडिओ टाकू नकोस."

मुलांसाठी बनवलेलं, हातात धरून खेळायचं हे यंत्र उद्या दुकानांत येणार होतं. कंपनीने समीक्षकांना ते आधीच पाठवलं होतं. अट एकच, आज दुपारपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. ती मुदत आता संपली होती. व्हिडिओ तयार होता, बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. पण ताई त्याच कंपनीच्या चाचणी विभागात नोकरीला होती, आणि सकाळपासून त्याच्यासमोर ठाण मांडून बसली होती.

"साहेबांनी पाठवलं ना तुला?"

"हो. म्हणाले, भाऊ आहे तुमचा, तुमचं ऐकेल."

"मी कुणाचं ऐकलंय आजवर?"

"तेच मी त्यांना सांगितलं."

खोटं नव्हतं ते. भिंगवाल्याची ख्यातीच मुळी न ऐकण्याबद्दल होती. प्रत्येक वस्तू तो भिंगाखाली धरायचा, म्हणून प्रेक्षकांनी हे नाव ठेवलं होतं. मतांना तर त्याच्याकडे कधीच तोटा नव्हता. फोनमधलं हेडफोनचं भोक बुजवणारे चोर. अर्धा गेम आज आणि उरलेला अर्धा पुढच्या वर्षी विकणारे दरोडेखोर. बॅटरी आत चिकटवून टाकणाऱ्यांसाठी मात्र चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द त्याला अजून सापडला नव्हता. गिऱ्हाइकाला घरच्या घरी बॅटरी बदलता आलीच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून तो वर्षानुवर्षं घसा कोरडा करत होता. पुढच्या आठवड्यात सरकारी समितीसमोर बोलायला त्याला बोलावणंही आलं होतं. त्याच्या स्वतःच्या न्हाणीघरातला दिवा महिनाभर लुकलुकत होता, ती गोष्ट वेगळी.

"एखादाच नग खराब निघाला असेल," ताई म्हणाली.

"समीक्षकाला असा एखादा नग येतो का? सगळ्याच कंपन्या ढिगातून पारखून चांगलाच पाठवतात. पारखलेला असा तापतोय, तर दुकानातले कसे असतील? पोरं हे पांघरुणात घेऊन खेळणार, ताई."

ताईने चहाचा कप बशीत फिरवला. प्यायली नाही.

"तुमच्या चाचणीत हे दिसलं नाही?"

"ते मी बोलू शकत नाही."

"म्हणजे दिसलं."

"मी काहीही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "आठवडाभर थांब, एवढंच मागतेय."

"आठवडाभरात घरोघरी पोचलेलं असेल."

"मग माझी नोकरी गेली समज. सख्खा भाऊ असून आवरता आला नाही, असंच म्हणतील ना?"

भिंगवाल्याचा पहिला कॅमेरा ताईनेच आणून दिला होता. त्याची बडबड ऐकायला काळं कुत्रंही फिरकत नव्हतं, तेव्हा प्रत्येक व्हिडिओ ती दोनदा बघायची, निदान आकडा तरी वाढावा म्हणून. आता इकडे आड, तिकडे विहीर. त्याने पडद्याकडे बघितलं, मग ताईकडे. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याला तिची दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "थांबतो आठवडाभर."

हे ऐकून ताईचा चेहरा खुलायला हवा होता. ती मात्र तशीच बसून राहिली. टॉवेलवरच्या यंत्रातून बारीकसा करकर आवाज आला, तशी दोघंही दचकली.

"मग समितीसमोर काय सांगशील?" ताईने हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. तिथेही कुणाकुणाच्या बहिणी असतील, एवढंच मनात आलं."

भिंगवाल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. असं त्याला आजवर त्याच्या शत्रूंनीही सुनावलं नव्हतं, आणि त्यांची तर त्याच्याकडे रांग होती. त्याने ओठ घट्ट मिटले, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं. मग मान खाली घालून तो बसून राहिला. ताईकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

बघता बघता प्रतिक्रियांचा पाऊस पडू लागला. आगाऊ पैसे भरलेले लोक नोंदणी रद्द करत असल्याचं लिहीत होते. थोड्याच वेळात ताईचा फोन वाजला.

"हो साहेब," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "खूप समजावलं. पाया पडायचीच काय ती राहिले होते. आधी हो म्हणाला, मग कुठलं भूत संचारलं कोण जाणे. विक्री थांबवताय? सगळीच? बरं, साहेब."

"ताई," भिंगवाला खुर्चीतून उठत म्हणाला. "मी स्वतः येतो तुझ्या साहेबांकडे. तुझा यात काडीचाही संबंध नाही, असं सांगतो."

ताईने फोन पर्समध्ये टाकला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. आता तिच्या आवाजात कापरं नव्हतं.

"अवश्य सांग," ती म्हणाली. "समीक्षकांचे नग पारखायचं काम माझ्याकडे असतं. तुझ्यासाठी मी पारखलाच नाही. हाताला आलं ते पहिलं खोकं उचललं."