बांधलेला उजवा हात

आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसाने काळजीपोटी घातलेली बंदी मोडणे, हे वैऱ्याचा हुकूम मोडण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. आणि टेलरकाकू त्या क्षणी नेमकी तशीच बंदी मोडत होत्या.

"घट्ट बांध," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने पिशवीसाठी शिवलेल्या पट्ट्याने त्यांचे उजवे मनगट खुर्चीच्या हाताला बांधले. "लोक मला नावं ठेवतील, आई. सासूला बांधून कामाला जुंपते म्हणतील."

दोघींनी हसण्याचा प्रयत्न केला. तो एकीलाही साधला नाही.

पक्षाघाताने तो हात बधिर झाला होता. तो हले, पण त्याला स्पर्श कळत नसे. आणि त्याहून भयंकर म्हणजे, लक्ष जरा ढळले की तो जुन्या सवयीने आपण होऊन सुईकडे सरके. जन्मभर शिवणकाम केलेला हात तो! मागे एकदा कापडावर तांबडा ठिपका उमटला. हा रंग कुठून लागला, हे काकू बराच वेळ शोधत राहिल्या. रक्त आपल्याच बोटातून येत आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहिले तेव्हाच कळले. तो तुकडा त्यांनी लपवला, पण मुलाच्या दृष्टीस पडलाच.

"आई, सुई आरपार गेली तरी तुला कळायचं नाही," तो म्हणाला होता. आवाजात राग नव्हता; भीती होती. त्याने तिचे शिवणकाम बंद केले आणि मशीन मावशीकडे पोचवायचे ठरवले. आज दुपारी तो टेम्पो घेऊन येणार होता, आणि आजच पिशव्या शिवायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गाची परीक्षा होती. कोणाच्याही मदतीवाचून एक पिशवी पुरी करून दाखवता आली, तरच मशीन राहू दे म्हणायला काकूंना तोंड होते.

वर्ग सुनेनेच फोनवर लावून दिला होता. पहिल्या दिवशी काकूंना धीर झाला नाही. त्या दुसऱ्या दिवसापासून बसल्या. पडद्यावर शिकवणाऱ्या ताईंचे फक्त हात दिसत. ते पाहताच काकूंच्या जिवात जीव आला. ताई डावखुऱ्या होत्या! कात्री डाव्या हातात, खडूही डाव्या हातात. त्यांच्या मशीनचे चाकसुद्धा डावीकडे होते. डावखुऱ्यांसाठी तशी मशिने मिळत असतील, अशी काकूंनी मनाची समजूत घातली. ताईंना जमते, तर आपल्याला का जमू नये?

पण ताईंच्या हाती जे कापड लोण्यासारखे कापले जाई, ते काकूंच्या डाव्या हातात, उजव्यासाठी घडवलेल्या कात्रीत चुरगळून अडके. कित्येक चिंध्या वाया गेल्या. अखेर एकदा त्यांनी अंगठा तळव्याकडे ओढून पाती दाबली, आणि कात्री सरळ चालली. ताई असेच करत असतील, आपल्याला इतके दिवस दिसले नाही, असे म्हणून त्यांनी मनोमन ताईंना नमस्कार केला.

आजवर काकूंनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता. आज तो उघडणे भाग होते. बाजूच्या शिवणी झाल्या. अस्तर बसले. तळाचा शेवटचा कोपरा राहिला, आणि जिन्यात पावले वाजली.

"हे आले," सून पुटपुटली.

मुलगा दारात थबकला. आई खुर्चीला बांधलेली, बायको शेजारी उभी, आणि सुई खडखडत चाललेली! "हे काय चालवलंय तुम्ही?"

"आता बोलू नका," सून म्हणाली. "त्यांचं लक्ष ढळेल."

कोपऱ्यावर जाड कापडाचे चार पदर आले होते. सुई अडखळत आत शिरत होती, म्हणून काकूंनी अंग पुढे झोकून कापडाला हिसका दिला. त्याच हिसक्याने मनगटावरची गाठ सुटली, आणि उजवा हात निमूटपणे टेबलावर चढून कापडावरून पुढे सरकू लागला. मुलगा अजून दारातच होता. तो धावला असता, तरी पोचला नसता.

काकूंनी मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला. सुई वरच्यावर थांबली; खाली बोट होते. झोपेत कुशीवर वळलेले मूल उचलून नीट निजवावे, तसा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्याच्याकडे एकदा निरखून पाहिले. मग पाय पुन्हा टेकवला. शिवण पुरी झाली. दातांत कापड धरून त्यांनी पिशवी उलटली आणि सुलटी बाजू कॅमेऱ्यासमोर धरली.

"सुरेख!" पडद्यावरून ताई म्हणाल्या. "काकू, तुम्ही जन्माच्या डावखुऱ्या का हो?"

"मी कसली! डावखुऱ्या तुम्ही, ताई. तुमचं बघूनच तर शिकले."

पडद्यावर ताईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"अहो काकू, मी उजव्या हातानंच काम करते! माझा फोन आरशासारखं उलटं दाखवतो. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की सगळ्यांना. डाव्या हातानं मला साधा दोरासुद्धा कापता येत नाही. तुम्हाला हे शिकवलं तरी कोणी?"

काकूंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. मुलगा खाली गेला आणि रिकामा टेम्पो परत पाठवून वर आला. त्याने स्वतःसाठी एक स्टूल ओढले आणि आईच्या उजव्या अंगाला, सुईवर डोळे लावून बसला.

जिला कोणी गुरूच नव्हता, ती विद्या त्या डाव्या हाती चिरकाल नांदो. आणि शेजारी बसलेल्या त्या लेकाच्या भयालाही हळूहळू विसावा लाभो.