दूधखुळी

पट्टी पांढरीच राहिली.

तीन मिनिटं झाली, चार झाली. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीत चांगलं दूध, लाल टेप लावलेल्या दुसरीत खराब. दोन्हींत एकेक पट्टी बुडवलेली, दोन्ही पांढऱ्याच. खराब दुधातली एव्हाना जांभळी व्हायला हवी होती.

"लाजली असेल," समितीतले उद्योजक सदस्य म्हणाले. "चार माणसांत पहिल्यांदाच आलीय."

कोणीतरी हसलं. तिनं नवी पट्टी काढून लाल टेपवाल्या बाटलीत बुडवली.

समितीत तिघं होते. मधे अध्यक्षबाई, उजवीकडे उद्योजक, डावीकडे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते नुसते लिहीत होते. विद्यापीठातलं संशोधन बाजारात नेण्यासाठी वर्षातून एकाच प्रकल्पाला निधी मिळायचा, आणि यादीत आता दोनच नावं उरली होती. मिळाला तर तिची कंपनी उभी राहणार होती. नाही मिळाला, तर महिनाअखेरीस प्रयोगशाळेतलं टेबल रिकामं करून किल्ली द्यायची होती. सात वर्षांचं काम खोक्यात भरून घरी.

अर्जात एक रकाना होता, 'तुमचा स्पर्धक कोण?' तिनं लिहिलं होतं, 'आईचं नाक.' नासलेलं दूध कुठलीही आई वासावरून ओळखते. पण ही पट्टी ज्या जंतूसाठी होती, त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. दूध दिसायला दुधासारखंच. तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेततं. आणि बाळ आधी रडतही नाही, नुसतं सुस्तावतं.

मागच्या फेरीत अर्ज परत आला तो उद्योजकांच्या एका वाक्यामुळे. "प्रयोगशाळेत काय हो, सगळंच चालतं. घरच्या बाटलीत, घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या दुधावर चालवून दाखवा, मग बोलू."

म्हणून काल तिनं जंतू घातलेलं दूध घरी नेलं होतं. आपल्या तान्ह्या लेकीच्या, छकुलीच्या, तीन एकसारख्या बाटल्यांतल्या एकीत ओतलं, झाकण दोनदा पिळून बंद केलं, वर लाल टेप लावली आणि बाटली सगळ्यात खालच्या कप्प्यात वेगळी ठेवली. उरलेल्या दोन्हींत चांगलं दूध. एक समितीपुढे न्यायला, एक छकुलीच्या दहाच्या भुकेला.

"आई, लाल टेपवालीला हात लावू नकोस हं."

"नाही लावत."

"आई, खरंच—"

"अगं, तीनदा सांगून झालं. मी काय दूधखुळी आहे? तुला वाढवली ती काय वाऱ्यावर?"

तिला स्वतःच्याच भित्रेपणाचा राग आला होता. तरी रात्री दोनदा उठून तिनं फ्रिज उघडून पाहिला. टेप जागेवर होती.

सकाळी आंघोळ करून आली तर फ्रिज लख्ख पुसलेला. लेकीकडे आली की आईच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कुठे सुटलेलं बटण टाक, कुठे उसवलेलं टाचून दे. लाल टेपवाली बाटली खालच्या कप्प्यात होती. तिनं ती घेतली, वरच्या कप्प्यातली एक घेतली, झोपलेल्या छकुलीच्या कपाळाला ओठ टेकवले आणि निघाली.

दुसरी पट्टीही पांढरीच राहिली.

"पट्टी म्हणते, दूध चांगलं आहे," उद्योजक म्हणाले. "मग घ्या की दोन घोट. आमची खात्री पटेल."

"नाही."

"का बरं?"

"त्यात जंतू मी स्वतः घातलेत."

हसणं थांबलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे दूध खराब आहे आणि तुमची पट्टी ते चांगलं म्हणते. कोण्या आईनं हिच्यावर भरवसा ठेवला असता तर?"

पट्ट्या दमट झाल्या असतील, असं म्हणता आलं असतं. फ्रिजच्या थंडीनं जंतू मेले असतील, असंही. पण डोळ्यांपुढे ती न पाहिलेली आई उभी राहिली, मांडीवर बाळ घेतलेली.

"पट्टी चुकली," ती म्हणाली. "माझा अर्ज मी मागे घेते."

बँकेच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं.

प्रयोगशाळेत जाऊन तिनं दोन्ही बाटल्यांवर जंतुनाशक ओतलं. उरलेल्या पट्ट्यांचा डबा कचऱ्याच्या टोपलीत टाकला. झाकण आपटलं तेव्हा तिला रडू आलं, पण जिन्यात माणसं होती.

घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आईनं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच.

"हळू. झोपलीय."

"कधीपासून?"

"दहाला बाटली संपवली, शेवटच्या थेंबापर्यंत, नि जी झोपली! आज एकदा किरकिर नाही की कूस बदलणं नाही. गुणाची गं बाय माझी."

चला, तेवढं तरी बरं, असं तिच्या मनात आलं. ती खुर्चीत बसली. चपला काढायचंही भान राहिलं नाही.

"काय झालं गं? चेहरा असा का?"

"नाही मिळालं. दोन्ही पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या."

आईनं पाण्याचा पेला तिच्या हातात दिला, डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. त्यांनाच पारख नाही." मग छकुलीची झबली घडी घालत बसली. दोन झाली, तीन झाली.

"आणि हो, सांगायचंच राहिलं बघ. सकाळी फ्रिज पुसायला तिन्ही बाटल्या ओट्यावर काढल्या, तर ओल्यानं तुझी लाल टेप सुटून खाली पडलेली. मी आपली अंदाजानं परत लावून दिली. बरोबर लागली होती ना?"