उसनी चव

लोणच्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, तरी वैजयंतीने चवींची अदलाबदल करणारी कानामागची चकती काढली नाही. जेवणापुरती दिगंबरची चव त्याला परत द्यायची, असं ठरलं होतं.

केमो सुरू झाल्यापासून तिच्या जिभेला सगळं गंजल्या लोखंडासारखं लागे. लोणच्याची चव तपासणाऱ्या बाईची नोकरी अशा जिभेवर टिकली नसती. म्हणून शेजारच्या टेबलावरचा दिगंबर कामाच्या वेळेत आपली चव तिला देई आणि तिची स्वतःच्या तोंडात वागवी.

त्याने डबा उघडला. "ताई, सांज्याच्या पोळ्या. लेकीने पहिल्यांदाच केल्यात."

वैजयंतीने घास घेतला. वेलदोडा, गूळ, खरपूस तूप. कित्येक महिन्यांनी तिला जेवावंसं वाटलं.

दिगंबर पाण्याबरोबर घास गिळत होता. "अजून लोखंडच लागतंय हो. चकती काढलीत ना?"

"काढली. वेळ लागतो कधीकधी."

लेकीचा फोन आला. त्याने तो हाताने झाकला. "लवकर सांगा, कशा झाल्यात? नुसतं छान म्हटलं तर तिला पटत नाही."

"गूळ बेताचा. कडा खुसखुशीत."

त्याने तेच शब्द फोनवर सांगितले. पलीकडे लेक खुदकन हसली.

वैजयंतीने पदराआड चकती काढली आणि उरलेली एकच पोळी त्याच्यापुढे सरकवली. "आता खाऊन बघ."

"पोट भरलं, ताई. तुम्हाला आवडलीय, तुम्हीच संपवा."

तिच्या तोंडात आता लोखंड होतं. तो कौतुकाने पाहत होता, म्हणून तिने शेवटच्या तुकड्यापर्यंत ती पोळी खाल्ली.